न्यूरेंबर्गच्या रात्री ९५ बॉम्बर कसे पडले?

विचारलेला प्रश्न असा: ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर निघालेल्या ब्रिटिश बॉम्बरांपैकी ९५ परतलेच नाहीत, तेव्हा जर्मनांना आधी खबर लागली होती का? आणि अंधारात, शत्रूच्या मुलखात पडलेल्या एखाद्या विमानाचं नेमकं काय झालं हे इतक्या वर्षांनी लोक इतकं ठामपणे कशावरून सांगतात?

मी हवाई दलात कॅनबेरा बॉम्बरवर नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग आखणारा, होतो. निवृत्तीनंतर पुण्यात बसून त्या काळच्या रात्रमोहिमांचे कागद वाचण्याचा नाद लागला, तो सुटला नाही. त्यामुळे माझं उत्तर नॅव्हिगेटरच्या टेबलावरून आलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. आमच्या लोकांना सगळ्या अनर्थांचं मूळ वाऱ्यात दिसतं. इथे मात्र ते खरंच बऱ्याच अंशी वाऱ्यात होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ सांगतो. फितुरीचा पुरावा नाही, आणि फितुरीची गरजही नव्हती. जर्मन नियंत्रक रेडिओवरून आपल्या रात्रलढाऊ विमानांना सतत माहिती देत असत. त्या रात्री त्यांच्या तोंडी न्यूरेंबर्गचं नाव आलं ते फार उशिरा, हल्ला सुरू व्हायच्या सुमाराला. लक्ष्य आधी ठाऊक असतं तर लढाऊ विमानं त्या शहरावर दबा धरून बसली असती. प्रत्यक्षात बहुतेक बॉम्बर पडले ते शहर गाठण्याआधी, वाटेत.

एकूण ७९५ विमानं निघाली: ५७२ लँकेस्टर, २१४ हॅलिफॅक्स आणि ९ मॉस्किटो. त्यांतले ६४ लँकेस्टर आणि ३१ हॅलिफॅक्स गेले, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. इंग्लंडात उतरताना मोडली ती वेगळी. ५४५ माणसं मेली. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाईत, चार महिन्यांत, ब्रिटिश बाजूची साधारण एवढीच उड्डाण करणारी माणसं मेली होती. त्याच्या बदल्यात न्यूरेंबर्गचं नुकसान किरकोळ झालं.

आता मार्ग बघा. बेल्जियममधल्या शार्लरॉयजवळून निघून थेट पूर्वेला फुल्डाच्या जवळपर्यंत एकच सरळ रेघ, २६५ मैलांची. तिथून उजवीकडे वळून दक्षिणेला न्यूरेंबर्ग. एरवी असा मार्ग आखताना मध्ये दोन-तीन वळणं घालत, म्हणजे शत्रूला रोख कळत नसे. या वेळी वळणं काढून टाकली. इंधन वाचेल, वेळ वाचेल, आणि इतकं सरळ कोणी जाणार नाही असं शत्रूला वाटेल, असा हिशेब होता. काही गटप्रमुखांनी विरोध केला, पण तो चालला नाही.

त्यात आकाशात अर्धा चंद्र होता. चांदण्याच्या दिवसांत लांबच्या मोहिमा टाळायच्या हा बॉम्बर कमांडचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचा, शिरस्ता. तरी बेत ठरला, कारण हवामानखात्याचा पहिला अंदाज असा की जाताना वर ढगांचं छत मिळेल आणि लक्ष्यावर आकाश मोकळं असेल. दुपारी टेहळणीला गेलेल्या मॉस्किटोने नेमकं उलट कळवलं: वाटेत ढग मिळण्याची शक्यता कमी, लक्ष्यावर मात्र ढग. मोहीम रद्द झाली नाही. का, यावर आजही वाद घालतात, आणि मला त्यात शिरायचं नाही. परिणाम एवढाच झाला की माणसं चांदण्यात उघडी पडली. भरीला हवा अशी थंड आणि दमट होती की एंजिनांच्या मागे पांढरे पट्टे उमटू लागले. ज्या उंचीवर बॉम्बर उडत तिथे ते सहसा उमटत नसत. त्या रात्री प्रत्येक विमान आपल्यामागे स्वतःचा माग सोडत चाललं होतं.

आणि वारा. नदी ओलांडणारा नावाडी समोरच्या घाटाकडे नाव धरत नाही, प्रवाहाचा अंदाज घेऊन वरच्या बाजूला धरतो. आमचंही तसंच. वाऱ्याची दिशा आणि वेग चुकला की नाक बरोबर दिशेला असूनही विमान भलतीकडे सरकतं. नॅव्हिगेटरला पहिल्याच महिन्यात शिकवतात की मार्ग एक अंशाने चुकला तर साठ मैलांवर एक मैल बाजूला जाल. हिशेब करून बघा. पाच अंश चुकलात तर २६५ मैलांच्या शेवटी तुम्ही सुमारे २२ मैल बाजूला असता, आणि खाली अंधार. ‘जी’ नावाची रेडिओ यंत्रणा इंग्लंडपासून दूर गेल्यावर जर्मन गोंगाटात बुडून जायची. खालची जमीन दाखवणाऱ्या, विमानातल्या एच-टू-एस रडारच्या पडद्यावर गावं दिसत, पण एक गाव दुसऱ्यासारखंच.

वाऱ्यासाठी एक व्यवस्था होती. काही निवडक, मुरलेले नॅव्हिगेटर उडता उडता वारा मोजून रेडिओने मुख्यालयाला कळवत, तिथे सरासरी काढून तो सगळ्या विमानांना परत सांगितला जाई. कागदावर उत्तम. पण सहाच रात्री आधी, २४ मार्चला, बर्लिनच्या मोहिमेत उत्तरेकडून ताशी शंभर मैलांहून जोरदार वारा लागला होता. इतका वारा असू शकतो यावर ना काही नॅव्हिगेटरांचा विश्वास बसला, ना खाली बसलेल्यांचा. त्यांनी आकडे कापून लावले, विमानं दक्षिणेला विखुरली आणि ७२ गेली. न्यूरेंबर्गच्या रात्री वारा तेवढा नव्हता, पण अंदाजापेक्षा वेगळा होता आणि विमानं हळूहळू उत्तरेला सरकत गेली. फुल्डाचं वळण कित्येकांनी भलत्याच जागी घेतलं. तिथून ठरलेली मिनिटं मोजून दक्षिणेला उडाले तेव्हा न्यूरेंबर्गच्या अलीकडेच राहिले. सुमारे १२० विमानांनी ८० किलोमीटरवरच्या श्वाइनफुर्टवर बॉम्ब टाकले. त्यांतल्या बहुतेकांना आपण न्यूरेंबर्गवरच आहोत असं वाटत होतं.

उत्तरेला सरकण्याचा दुसरा तोटा असा की ताफा पसरला. बॉम्बरांचा ताफा दाट असेल तर प्रत्येकाला गर्दीचं संरक्षण असतं. बॉम्बरांनी सोडलेल्या, खाली पसरलेल्या चंदेरी कागदी पट्ट्यांमुळे शत्रूचं रडार आंधळं होतं. ताफ्याबाहेर एकटा पडलेला बॉम्बर रडारवर सुटा दिसतो.

जर्मनांनी केलं ते काही विशेष नव्हतं. इंग्लंडात विमानतळांवर संध्याकाळी एच-टू-एस यंत्रं चालू करून तपासली की त्यांचे रेडिओलहरी ऐकणारे लोक ओळखत, आज मोठी मोहीम आहे. मग विमानं उडाली की त्याच लहरींवरून त्यांचा रोख कळे. उत्तर समुद्राकडे पाठवलेल्या फसव्या तुकडीला ते भुलले नाहीत. त्यांनी आपली लढाऊ विमानं दोन रेडिओ-दीपांभोवती (रेडिओच्या खुणेने जागा दाखवणाऱ्या ठिकाणांभोवती) गोळा केली: कोलोन-बॉनच्या भागातला ‘इडा’ आणि फ्रँकफर्टजवळचा ‘ओटो’. ब्रिटिशांची सरळ रेघ या दोघांच्या अगदी जवळून जात होती. लढाऊ विमानांना बॉम्बर शोधत हिंडावं लागलं नाही. मार्टिन बेकर नावाच्या एका जर्मन वैमानिकाने त्या एका रात्रीत ७ बॉम्बर पाडले. हे आकडे वाचून लोकांना फितुरी आठवते. मला मार्गाचा नकाशा आठवतो.

आता एका विमानाकडे जवळून बघू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

लँकेस्टरमध्ये सात माणसं. वैमानिक, शेजारी फ्लाइट इंजिनियर, नाकात बॉम्बचा नेम धरणारा बॉम्ब-एमर, पडद्यामागे दिव्याखाली नॅव्हिगेटर, त्याच्या मागे वायरलेस ऑपरेटर, पाठीवरच्या बुरुजात एक गनर आणि शेपटीत दुसरा. गनरांना वर, बाजूला, मागे दिसतं. पोटाखाली काहीही दिसत नाही. बहुतेक ब्रिटिश बॉम्बरांना पोटाखालची तोफ नव्हतीच. तिच्या जागी रडारचा फुगवटा होता.

१९४३ च्या उत्तरार्धापासून जर्मन रात्रलढाऊ विमानांत एक नवी मांडणी येऊ लागली. पाठीत दोन तोफा, नळ्या वरच्या दिशेने तिरक्या रोवलेल्या. तिला ते ‘श्रेगे मुझीक’ म्हणत. वैमानिक खालच्या काळोखातून बॉम्बरच्या पोटाखाली यायचा, वेग जुळवायचा आणि वर बघायचा. आकाशाच्या फिकट पार्श्वभूमीवर बॉम्बरची काळी आकृती पूर्ण दिसायची. मग तो नेम धरायचा पंखावर, दोन एंजिनांच्या मधे. धडावर नाही, कारण पोटात बॉम्ब होते आणि स्फोट झाला तर तोही गेला असता. पंखात इंधनाच्या टाक्या होत्या. भरलेल्या लँकेस्टरमध्ये सुमारे ९,८०० लिटर पेट्रोल मावतं. गोळ्यांना प्रकाशरेषा नसे, त्यामुळे गोळी कुठून आली हे शेजारच्या विमानातून बघणाऱ्यालाही कळत नसे.

आतल्या माणसाला काय कळत असेल? विमानाला हादरे, आणि पंखातून जाळ. पंख किती वेळ तग धरेल ते नशीब. कधी मिनिटभर, कधी काही सेकंद. वैमानिक पॅराशूटवरच बसलेला असे. इतरांची पॅराशूटं छातीला अडकवायची, आणि ती बाजूला खुंटीवर किंवा कप्प्यात ठेवलेली. शेपटीच्या गनरची तर बुरुजाच्या बाहेर, धडात. त्याने बुरुज सरळ करायचा, मागचं दार उघडायचं, हात घालून पॅराशूट काढायचं, अडकवायचं आणि मग उडी. पुढच्यांसाठी वाट म्हणजे नाकाच्या तळातली झडप, रुंदी २२ इंच. जाड कपडे, छातीवर पॅराशूट, विमान भोवऱ्यात, आणि ५६ सेंटिमीटरची फट. हॅलिफॅक्सची झडप २४ इंचांची होती.

बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात तेव्हा फ्रीमन डायसन नावाचा विशीतला गणिती बसलेला होता (पुढे भौतिकशास्त्रात मोठं नाव झालं). पाडलेल्या विमानांतून किती माणसं जिवंत सुटतात याचे आकडे त्याच्यासमोर आले: लँकेस्टरमधून सुमारे ११ टक्के, हॅलिफॅक्समधून त्याच्या दुपटीहून जास्त. त्याच्या विभागाने झडप मोठी करण्यासाठी खटपट केली. मोठी झडप आली तेव्हा युद्ध संपत आलं होतं. सहज सांगतो, आमच्या कॅनबेरा बी(आय)-५८ मध्ये वैमानिकाला इजेक्शन सीट होती आणि नॅव्हिगेटरला बाजूचं दार. विमान बनवणाऱ्यांना बाहेर पडायची वाट शेवटी आठवते, हे काही एका देशाचं वैशिष्ट्य नाही.

डायसनने आणखी एक गोष्ट तपासली. मुरलेल्या तुकड्या नवख्यांपेक्षा जास्त वाचतात असं सगळे धरून चालत आणि मोहिमेआधी तसंच सांगत. आकडे तसं म्हणत नव्हते. पाचव्या मोहिमेवरचा आणि पंचविसाव्या मोहिमेवरचा, दोघे सारख्याच प्रमाणात जात होते. अनुभवाने वाचता येतं ते दिसणाऱ्या शत्रूपासून. पोटाखालून येणाऱ्याने त्या अनुभवाला किंमतच ठेवली नव्हती. ही खूण समोर असून तिचा अर्थ तेव्हा कोणी लावला नाही.

का लावला नाही, ते सांगणं मला फितुरीच्या चर्चेपेक्षा फार महत्त्वाचं वाटतं. सकाळी विमानतळावर चौकशी व्हायची ती परत आलेल्यांची. त्यांना जे दिसलं तेवढंच कागदावर यायचं. पोटाखालून मारल्या गेलेल्यांतले क्वचितच परत येत, आणि आलेल्यांनाही आपल्याला काय लागलं ते सांगता येत नसे. बहुतेक म्हणत, विमानविरोधी तोफेचा गोळा. त्याच काळात तुकड्यांमध्ये एक समजूत पसरली होती की जर्मन लोक ‘स्केअरक्रो’ नावाचे गोळे उडवतात. आकाशात फुटले की जळतं विमान फुटल्यासारखे दिसतात, माणसांचं धैर्य खचावं म्हणून. परतणारे तसे अहवाल देत आणि ते लिहूनही घेतले जात. असा गोळा जर्मनांकडे कधीच नव्हता. ती खरीच विमानं होती, सात-सात माणसांची.

न्यूरेंबर्गच्या रात्री पडणारी विमानं मोजण्याचं काम माझ्यासारख्यांकडे होतं. गनर इंटरकॉमवर ओरडायचा, ‘उजवीकडे एक पडतंय’, आणि नॅव्हिगेटर वेळ आणि जागा लॉगमध्ये टिपायचा. त्या रात्री काही वैमानिकांनी सांगितलं, आता पुरे, लिहिणं थांबव. तुमच्या हाती असा लॉग आला तर हे लक्षात असू द्या. नोंदी थांबल्या म्हणजे विमानं पडायची थांबली असं नाही.

मग एकेकाचा शोध लागतो कसा? विमान परतलं नाही की स्क्वाड्रनच्या रोजनोंदीत साधारण एक ओळ असते: अमुक वाजता उड्डाण, त्यानंतर काही कळलं नाही. घरी तार जाते. ब्रिटिश बाजूचा कागद तिथे संपतो. बाकीचं सगळं जमिनीवरून येतं. गावातल्या लोकांनी काय पाहिलं, जर्मन अधिकाऱ्यांनी अवशेषांची काय नोंद केली, कोणाला कुठे पुरलं, कोण कैदी झाला, कोणत्या वैमानिकाने किती वाजता कुठे विमान पाडल्याचा दावा केला. युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाची खास शोधपथकं युरोपभर फिरली, कबरी उघडून बटणं, बूट, ओळखचकत्या, एंजिनांचे क्रमांक तपासत. सुमारे ४२,००० बेपत्तांपैकी दोन-तृतीयांशांचा ठावठिकाणा त्यांनी लावला. ज्यांची कबर कुठेच ठाऊक नाही अशा, समुद्रात गेलेले धरून, २०,००० हून अधिक जणांची नावं लंडनजवळ रनीमीडच्या स्मारकावर कोरली आहेत.

दोन बाजूंचे तुकडे जुळले की चित्र कसं पुरं होतं, याचं न्यूरेंबर्गचंच उदाहरण म्हणजे सिरिल बार्टन या वैमानिकाचं हॅलिफॅक्स. लक्ष्य ७० मैलांवर असताना हल्ला झाला, इंटरकॉम तुटला. दिव्याच्या खुणेचा अर्थ चुकीचा घेऊन नॅव्हिगेटर, बॉम्ब-एमर आणि वायरलेस ऑपरेटर तिघांनी उड्या टाकल्या. बार्टनने नॅव्हिगेटरशिवाय, एक एंजिन गेलेलं विमान इंग्लंडपर्यंत आणलं. इंधन संपलं आणि ते डरहॅम परगण्यात रायहोपच्या कोळसा खाणीजवळ कोसळलं. तो मेला, कामावर निघालेला एक खाणकामगारही. विमानातले उरलेले तिघे वाचले. बार्टनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विमानातलं या तिघांकडून कळलं. उड्या का टाकल्या, हे जर्मनीत कैद झालेल्या तिघांकडून.

कधी अवशेषच साक्ष देतात. बर्लिनच्या त्या वादळी रात्री निकोलस अल्कमेड या शेपटीच्या गनरचं पॅराशूट जळत होतं, म्हणून त्याने १८,००० फुटांवरून पॅराशूटशिवाय तशीच उडी टाकली. पाइनच्या फांद्या आणि बर्फ यांवर पडून तो जिवंत राहिला. जर्मनांचा विश्वास बसेना, ते त्याला हेर समजत होते. शेवटी त्यांनी विमानाचे अवशेष तपासले तेव्हा पॅराशूटचे जळके भाग तिथेच सापडले.

पण अवशेषही चुकवतात. नेदरलँड्सच्या मार्कर सरोवरात २००८ मध्ये एका बचावबोटीच्या निमित्ताने स्टर्लिंग बॉम्बरचा एक भाग वर आला. आधी ते बीके ७१० हे विमान मानलं गेलं. पुढे अवशेषांत जेएमसी ही अक्षरं कोरलेली सिगारेटची डबी निघाली आणि सगळा हिशेब बदलला. ती अक्षरं जुळली बीके ७१६ वरच्या माणसाशी, जे २९ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनच्या मोहिमेवर गेलं होतं. २०२० मध्ये ते सरोवरातून वर काढलं.

तेव्हा कोणी एखाद्या पडलेल्या बॉम्बरचा मागोवा घेणार असेल, तर माझा सल्ला: विमानाच्या अनुक्रमांकापासून सुरुवात करा, टोपणनावापासून नाही. नोंदीतली वेळ ग्रीनिचची की स्थानिक ते आधी ठरवा. तासाभराच्या फरकाने भलत्याच जर्मन वैमानिकाच्या नावावर विमान चढतं. जर्मन दावे एकूण विश्वासार्ह, पण विमानाचा प्रकार चुकवतात. हॅलिफॅक्सला लँकेस्टर म्हणणं सर्रास. आणि ‘तोफगोळ्याने पडलं’ असं १९४४ च्या ब्रिटिश कागदात वाचलं तर ते पेन्सिलीने लिहून ठेवा. वाचलेल्या कैद्याचा जबाब किंवा जर्मन दावा मिळेपर्यंत ते पक्कं करू नका.

ब्रिटिशांना शत्रूच्या रडारचा उलगडा झाला तोही असाच अवचित. १३ जुलै १९४४ ला एक जर्मन युंकर्स ८८ वाट चुकून इंग्लंडातल्या वुडब्रिजच्या धावपट्टीवर आपलाच तळ समजून उतरलं. त्यातलं एसएन-२ रडार कागदी पट्ट्यांच्या जुन्या लांबीला दाद देत नव्हतं, हे तेव्हा कळलं. त्याच विमानात असंही यंत्र निघालं, जे बॉम्बरांच्या शेपटीतल्या ‘मोनिका’ या इशारा देणाऱ्या रडारच्याच लहरींवर माग काढत येई. मोनिका काढून टाकली, पट्ट्या नव्या मापाने कापल्या. न्यूरेंबर्गला तेव्हा साडेतीन महिने झाले होते.